जरीपटका म्हणजे नेमके काय, आणि तो करायचा कसा?

प्रश्न तीन भागांत विचारला आहे. जरीपटका, भगवा झेंडा, पताका आणि निशाण हे एकच का? 'जरीपटका' हा शब्द आला कुठून? आणि मिरवणुकीसाठी नवा जरीपटका करून घ्यायचा असेल तर कापड, माप, जर आणि काठी यांबद्दल काय पाहायचे?

आधी थोडक्यात सांगतो. हे सगळे एकच नाहीत. जरीपटका म्हणजे जरीकाम केलेले, टोकाशी दुभंगलेले, मानाचे निशाण. मराठी राज्यात ते मुख्य फौजेच्या अधिकाराचे चिन्ह होते. हा शब्द मुळात कापडाचा आहे. त्यात ना रंग सांगितला आहे, ना आकार. सांगितली आहे ती फक्त जर आणि पटका. हे नीट लक्षात आले की तो शिवतानाच्या निम्म्या चुका टळतात, म्हणून शब्दाकडे जरा सविस्तर पाहू.

'जर' हा फारसी शब्द, अर्थ सोने. अवेस्तातला 'झरन्य' आणि संस्कृतातला 'हिरण्य' ही याच घराण्यातली भावंडे. फारसीतून मराठीत या 'जर'चा मोठा गोतावळा आला: जरतार, जरतारी, जरीकाठ, जरदोजी. 'जरदोजी'त 'दोजी' म्हणजे शिवण, म्हणून सोन्याच्या तारेची शिवण ती जरदोजी. 'जरब' मात्र यात बसत नाही, तो अरबी शब्द आहे. 'जरीमरी'तल्या जरीचाही सोन्याशी संबंध नाही. अक्षरे सारखी दिसली की नाते जोडायचा मोह होतो, तो इथे आवरावा.

'पटका' आपल्याकडे दोन ठिकाणी येतो. डोक्याला गुंडाळायचे कापड तो पटका आणि कमरेला बांधायचा शेलाही पटकाच. दोन्हींत गोष्ट एकच: लांब, सुटे, मऊ, गुंडाळता येणारे कापड. मूळ संस्कृत 'पट्ट', म्हणजे कापडाची पट्टी. त्याला रेशमाचाही अर्थ आहे, जुन्या मराठीतला रेशमी वस्त्राचा 'पाटाव' याच कुळातला.

पुष्कळ जण म्हणतात की 'पटका' हा 'पताका'चाच अपभ्रंश. ऐकायला पटते, पण ध्वनींचा हिशेब जुळत नाही. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकेरी 'ट' मराठीत येईपर्यंत 'ड' होतो: घोटक-घोडा, वट-वड, कटु-कडू. 'पताका'ही प्राकृतात 'पडाया' झाली होती. ती पुढे मराठीत उतरली असती तर तिच्यात 'ड' दिसला असता, 'ट' नव्हे. याउलट दुहेरी 'ट्ट' असेल तर त्याचा 'ट' टिकतो: हट्ट-हाट, पट्ट-पाट. 'पटका'तला 'ट' टिकला, कारण तो 'पट्ट'मधून आला. मराठीत आज आपण 'पताका' म्हणतो तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा पुन्हा उचललेला आहे. 'पटका' आणि 'पताका' यांचा आवाज जवळचा असला तरी घरे दोन आहेत.

जवळच्या शब्दांतला फरकही इथेच पाहून घेऊ. अमरकोशात पताका, वैजयंती, केतन आणि ध्वज एका ओळीत समानार्थी म्हणून दिले आहेत, पण वापरात त्यांच्या छटा वेगळ्या. 'पताका' ही 'पत्' म्हणजे उडणे या धातूशी जोडली जाते, जोर फडफडणाऱ्या कापडावर. नृत्यातल्या 'पताक' हस्तातही बोटे सरळ, जुळलेली आणि तळवा पसरलेला असतो. 'ध्वज' या शब्दाचा जोर मात्र पुष्कळदा काठीवर आणि तिच्या शेंड्यावरच्या चिन्हावर असतो. म्हणून अर्जुन कपिध्वज, विष्णू गरुडध्वज, शंकर वृषभध्वज. विदिशेजवळच्या बेसनगरला हेलिओडोरसने उभारलेला इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला स्तंभ अख्खा दगडी आहे, त्याला कापड नाही, तरी त्याच्या लेखात त्याला 'गरुडध्वज'च म्हटले आहे. 'निशाण' फारसीतून आले, अर्थ खूण. आपली 'निशाणी' त्याचीच बहीण. जुन्या लष्करी मराठीत मोठ्या निशाणाला 'ढाल' असेही म्हणत आणि ते ज्या हत्तीवर असे तो ढालगज. 'ढालगज भवानी' हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरताना आपण सैन्याच्या निशाणाचा हत्ती आठवत असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. 'गुढी' आणखी वेगळी. ती कोणी खांद्यावर घेऊन चालत नाही, ती उभी करायची असते. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीतही सज्जनांकरवी सुखाची गुढी 'उभवण्याची'च भाषा आहे.

आता जरीपटक्याचे राज्यातले स्थान. भगवा झेंडा स्वराज्याचा, सर्वांचा. तो किल्ल्यावर असे, पथकांत असे. जरीपटका मात्र दिला जाई. छत्रपतींकडून ज्याच्याकडे तो सोपवला, त्याच्याकडे त्या फौजेचे मुखत्यारपद. राजाराम छत्रपतींच्या काळात तो सेनापती संताजी घोरपड्यांकडे होता, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. पुढे पेशवाईत तो हुजुरातीच्या, म्हणजे खुद्द पेशव्यांच्या, फौजेबरोबर चाले आणि मोठ्या मोहिमेवर जाणाऱ्या सरदाराला जरीपटका देणे म्हणजे सरसेनापतीचा अधिकार देणे, असा अर्थ होता. मोगलांकडे माही मरातब हा मत्स्यचिन्हाचा मान होता, त्याच्या तोडीचा हा मराठ्यांचा मान. म्हणूनच कोणत्याही भगव्या झेंड्याला झालर लावली की तो जरीपटका झाला, असे मला मान्य नाही. जर ही त्यातली सजावट नाही. अधिकार सोपवल्याची खूण म्हणून ती आली आहे.

खडकीच्या लढाईत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, बापू गोखल्यांच्या फौजेत जरीपटका मोरोपंत दीक्षितांकडे होता. लढाईच्या तोंडावरच त्याची काठी मोडली आणि फौजेने तो अपशकुन मानला, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. मोरोपंत त्याच लढाईत पडले. शकुन-अपशकुन बाजूला ठेवला तरी काठी मोडणे ही आजही सर्वांत जास्त घडणारी गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

आज जरीपटका बहुतेकांनी पाहिलेला असतो तो आषाढी वारीत. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप दिले हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे सोहळ्यात लष्करी शिस्तीच्या खुणा उतरल्या. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दोन अश्व येतात. माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही, आणि दुसऱ्या अश्वावरचा स्वार जरीपटका घेऊन असतो. दिंडीच्या पुढे झेंडेकऱ्यांच्या खांद्यावर असतात त्या मात्र पताका, साध्या सुती, कावेच्या रंगाच्या. एकाच सोहळ्यात दोन्ही दिसतात आणि दोघांचे काम वेगळे आहे. पताका शेकड्यांनी असतात, जरीपटका एकच असतो. तुमच्या मिरवणुकीतही तो एकच असावा. चार जरीपटके केले की त्याचा अर्थच जातो.

आता करण्याकडे वळू.

पहिला निर्णय मापाचा, आणि तो निशाण हाती घेऊन चालणाऱ्यावरून ठरतो. पायी चालणाऱ्या माणसासाठी काठीकडची बाजू ३ फूट आणि लांबी साडेचार फूट हे माप चांगले. घोडेस्वारासाठी २ फूट बाय ३ फूट, त्याहून मोठे नको. लांब कापड वाऱ्याने पुढे आले तर घोड्याच्या डोळ्यावर येते आणि घोडा बुजतो. शिवाय घोड्याला फडफडणाऱ्या कापडाची सवय आधी काही दिवस करून द्यावी लागते, मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा दाखवून चालत नाही.

टोक दुभंगायचे ते लांबीच्या एक तृतीयांश खोल. म्हणजे ५४ इंच लांबीला खाच १८ इंच, रुंदीच्या बरोबर मध्यावर. याहून खोल खाच घेतली तर दोन्ही जिभा एकमेकींत गुंडाळल्या जातात. उथळ घेतली तर दुरून ती दिसतच नाही. खाचेचा कोपरा टोकदार ठेवू नये, तिथे साधारण अर्ध्या इंचाची गोलाई द्यावी. जरीपटका फाटतो तो नेहमी याच कोपऱ्यातून, कारण दोन्ही जिभांची ओढ तिथे एकवटते. आतून त्या जागी त्याच कापडाचा दोन इंची गोल तुकडा हाताने टाचून घ्या.

कापड दुपदरी घ्या. एकेरी कापडावर काढलेले चिन्ह किंवा अक्षरे मागून उलटी दिसतात, आणि जरीच्या मागची गाठ-धाग्यांची बाजूही उघडी पडते. ४४ इंच पन्ह्याचे रेशीम असेल तर दोन्ही पदरांना मिळून शिवणीसकट सुमारे तीन मीटर लागते, सव्वातीन मीटर आणावे. कापडाची लांबी ताण्याच्या दिशेने ठेवा. दोन पदर वेगवेगळ्या दिशेने कापले तर पहिल्याच पावसात एक आखडतो, दुसरा आखडत नाही, आणि अख्खे निशाण फुगते.

रेशीम जाड नको. चौरस मीटरला ८० ग्रॅमच्या आसपासचे पुरे. खाच वजा जाता वरच्या मापाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरहून किंचित जास्त भरते, म्हणजे दोन पदर मिळून पावणेदोनशे ग्रॅम. जरीचे काठ आणि नेफा, म्हणजे काठी घालायची पोकळ पट्टी, धरून एकूण वजन अर्ध्या किलोच्या आसपास राहिले पाहिजे. पाऊण किलोच्या पुढे गेले की मंद वाऱ्यात ते उडतच नाही, काठीला चिकटून लोंबते. इथेच लोक फसतात. जरीपटका भारदस्त दिसावा म्हणून आत कडक कॅनव्हास चिकटवतात, शेवटी झालर, गोंडे आणि टिकल्या लावतात. चिकटवलेला कॅनव्हास दमट हवेत सुटतो आणि कापडाला फोड आल्यासारखे दिसते. आणि मुळात जे कापड गुंडाळता येत नाही, त्याला पटका कसे म्हणायचे? अस्तर हवेच असेल तर पातळ मलमल घ्या, तेही फक्त काठांवर टाचून, चिकटवून नाही.

शिवणीचा क्रम असा. दोन्ही पदर सुलट बाजू समोरासमोर ठेवून वरची बाजू, खालची बाजू आणि खाच शिवायची, काठीकडची बाजू उघडी ठेवायची. खाचेच्या तिरक्या रेषा कापण्याआधीच त्यांवरून शिलाई मारून घ्यावी, आधी कापले तर तिरपे कापड ताणले जाते आणि दोन जिभा लहानमोठ्या होतात. मग कापायचे, खाचेच्या गोलाईवर शिलाईपासून दोन मिलिमीटरपर्यंत काप द्यायचे, जिभांच्या टोकांवरचे जादा कापड छाटायचे आणि सुलट करायचे. काप दिले नाहीत तर खाच कधीच सपाट बसत नाही, कितीही इस्त्री केली तरी. सुलट केल्यावर काठीकडची बाजू वर बांधून एक रात्र टांगून ठेवा. तिरपे काठ या वेळात जेवढे उतरायचे तेवढे उतरतात. त्यानंतरच जर लावायची.

जरीचा काठ दोन इंचांचा पुरे. वरची बाजू ५४, खालची ५४ आणि खाचेच्या दोन तिरक्या रेषा साडेपंचवीस इंचांच्या, मिळून १५९ इंच, म्हणजे सुमारे चार मीटर. दोन्ही अंगांना लावायचा तर आठ, आणि कोपरे दुमडण्यासाठी धरून नऊ मीटर आणा. काठ आधी वाफेवर धरून आखडू द्या. लावताना तो जराही ओढू नका. जर ताणत नाही आणि तिरपे रेशीम ताणते, त्यामुळे ओढून लावलेला काठ नंतर खाचेला चुण्या पाडतो. ही चूक मशीनवर हमखास होते, म्हणून खाचेचा काठ तरी हातानेच घालावा. दोरा सुती किंवा रेशमी घ्या. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो, पण तोच मजबूतपणा रेशमाला कापतो.

चिन्ह काढायचे असेल तर ते काठीपासूनच्या पहिल्या निम्म्या भागात घ्या. उडत्या टोकाकडे जड जरदोजी केली की ते टोक सतत खाली ओढले जाते. जाड कलाबतू, म्हणजे जरीचा पिळलेला दोरा, कापडातून आरपार ओढू नये, ती वर मांडून बारीक दोऱ्याने अंतराअंतरावर टाचावी. आरपार ओढताना तारेचा मुलामा घासला जातो आणि सोनेरी काम दोन महिन्यांत निस्तेज होते. बादला, म्हणजे चपटी तार, तर याहून नाजूक. एकदा तिची घडी पडली की ती उमटतेच. चिन्ह दोन्ही अंगांना वेगवेगळे भरून घ्या आणि दोन पदर जोडण्याआधी ते काम संपवा.

जरीचे आज बाजारात तीन प्रकार मिळतात. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. दुसरी तांब्याच्या तारेची, वर चांदीचा थर आणि सोनेरी रंग. तिसरी प्लास्टिकची, म्हणजे धातूचा थर दिलेली पॉलिस्टरची पट्टी. ओळखायला एक तुकडा काढून त्याचे टोक पात्याने खरवडा: आत पांढरे दिसले तर चांदी, तांबूस दिसले तर तांबे. जाळून पाहिली तर प्लास्टिकची जर वितळून गोळी होते, धातूच्या दोन्ही जरींची तार उरते. दुकानदार 'टेस्टेड' म्हणतो त्यावर विसंबू नका, तुकडा मागून घ्या.

कोणती घ्यावी? वर्षातून एकदा निघणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या ठेवायच्या जरीपटक्याला अस्सलच. ती काळी पडते, पण ते पृष्ठावरचे असते आणि जाणकार कारागीर ते उजळवू शकतो. दर आठवड्याला उन्हात निघणारा असेल तर प्लास्टिकची जर वाईट नाही: ती काळी पडत नाही आणि हलकी असते, फक्त गरम इस्त्रीने आखडते आणि काही वर्षांनी तिचा थर सुटतो. तांब्याची मला सर्वांत कमी पसंत आहे. ओल लागली की ती हिरवी पडते आणि तो हिरवा डाग रेशमात उतरतो, मग तो निघत नाही.

रंगाबद्दल एकच परीक्षा पुरे. पांढरे सुती फडके ओले करून कापडावर दहा-बारा वेळा जोरात घासा. फडक्यावर रंग आला तर ते कापड पावसात जरीला, अस्तराला आणि घेणाऱ्याच्या कपड्यांना रंगवणार. आषाढात निघणाऱ्या निशाणाला ही परीक्षा सोडू नये.

नेफा रेशमाचा करू नका. काठीशी घासून तो वर्षभरात विरतो. मांजरपाटाची दुहेरी पट्टी घ्या, काठीचा घेर अधिक एक इंच सैल अधिक शिवण. सव्वा इंच जाडीच्या काठीचा घेर चार इंच येतो, म्हणून पट्टी सहा इंच रुंद आणि ३८ इंच लांब. नेफ्याचे वरचे तोंड शिवून बंद करा, म्हणजे कापड काठीच्या टोकावर टेकून राहते आणि खाली घसरत नाही. खालच्या टोकाला दोन नाड्या लावा आणि त्या काठीला गुंडाळून बांधा. नाड्या नसल्या की वाऱ्यात नेफा फिरतो आणि निशाण काठीला पीळ घालून बसते.

आणि काठी. बांबू भरीव हवा, पोकळ नको. पायी चालणाऱ्यासाठी साडेआठ फूट. बुडखा कमरेच्या पट्ट्याच्या खोबणीत, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर बसतो, तेव्हा कापडाची खालची कड आठ फुटांच्या वर राहते आणि कोणाच्या डोक्याला लागत नाही. स्वाराला सात फूट पुरे, त्याचा बुडखा रिकिबीजवळच्या खोबणीत.

काठी मोडते ती बहुधा तीन ठिकाणी. एक, जिथे खिळा ठोकला किंवा भोक पाडले. दोन, जिथे नेफा संपतो, कारण वाऱ्याचा सगळा जोर तिथे वाकवतो. तीन, बुडख्याशी खोबणीच्या काठावर. म्हणून काठीला भोक पाडू नये. वरचे भाल्याचे पाते किंवा कळस शेंबीत, म्हणजे काठीच्या टोकावर चढवायच्या धातूच्या टोपीत, बसवावा, ती शेंबी टोकावर घट्ट ठोकावी आणि फटीत लाख भरावी. नेफ्याच्या खालच्या कडेला काठीची गाठ येईल अशी मांडणी करता आली तर उत्तम. तिथे सुती दोरीचे दाट वेढे गुंडाळले तरी काठी वाचते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की जोर चौपट. रोजच्या वाऱ्यात शांत वाटणारी काठी वळवाच्या झोतात मोडते ती यामुळे. झोत आला की निशाण गुंडाळून धरावे, त्यात मानाला काही कमी येत नाही.

बांबू तोडला कधी हेही विचारून घ्या. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला पक्का बांबू टिकतो. कोवळ्या किंवा अवेळी तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असते, त्याला भुंगा लागतो आणि आतून पीठ पडते. काठीखाली बारीक पिवळसर भुकटी दिसली की ती काठी मिरवणुकीला नेऊ नका, बाहेरून कितीही धड दिसो. चांगली काठी वर्षातून एकदा जवसाच्या तेलाने पुसली की पुरे.

धातूची काठी घेऊ नये. मिरवणुकीच्या वाटेवर विजेच्या तारा असतात आणि घेणाऱ्याचे लक्ष पुढे असते. बांबूही ओला असला की वीज वाहतो आणि वरचे पाते धातूचेच असते, म्हणून आदल्या दिवशी वाट चालून तारा आणि कमानी किती उंचीवर आहेत ते पाहा. खोबणीतल्या काठीचे टोक पात्यासकट बारा फुटांच्या वर जाते. जिथे शंका असेल तिथे काठी खोबणीतून काढून आडवी घ्यायची, हे घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

तिरंगा त्याच मिरवणुकीत असेल तर ध्वजसंहितेप्रमाणे दुसरे कोणतेही निशाण त्याच्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने असता कामा नये. जरीपटका त्याच्या मागे ठेवा.

पूजा करताना हळद-कुंकू काठीला लावा, कापडाला नाही. हळदीचा डाग साबणाने धुवायला गेलात तर तो तांबडा होतो, कारण हळद क्षाराला तसा रंग बदलते. गुलाल जरीच्या विणीत बसतो आणि झटकून जात नाही. अत्तर शिंपडू नका, त्याचे तेल कापडावर वर्तुळे सोडते. जरीपटका पाण्याने धुवायचा नसतो. धूळ मऊ कुंच्याने, कापड आडवे पसरून, जरीच्या दिशेने झाडायची.

ओला झाला तर आल्याआल्या नेफ्यातून काढून सावलीत आडवा पसरवा, कोरड्या पंच्याने टिपा, पिळू नका. ओला असताना गुंडाळून ठेवलेली एक रात्र जरीचे जेवढे नुकसान करते तेवढे वर्षभराचे ऊन करत नाही.

ठेवताना घडी घालू नये. घडीच्या रेषेवर तार तुटते आणि पुढच्या वर्षी नेमकी तीच रेषा काळी दिसते. तीन-चार इंच जाडीची नळी घ्या, तिच्यावर धुतलेली, खळ काढलेली मलमल गुंडाळा, जरीकाम बाहेरच्या अंगाला राहील असे निशाण सैल गुंडाळा आणि वर पुन्हा मलमल. वर्तमानपत्र, रबर, लोकर आणि डांबराच्या गोळ्या जवळ नकोत. रबर आणि लोकर यांतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, आत ओल कोंडते. भाल्याचे पाते वेगळे काढून तेलाचे फडके गुंडाळून ठेवा. पावसाळा संपला की एकदा सगळे उघडून अर्धा दिवस सावलीच्या हवेत ठेवा, त्याच वेळी खाचेचा कोपरा, नेफ्याची खालची कड आणि काठीचा बुडखा तपासा. टाका सुटलेला दिसला तर तिथल्या तिथे घालून घ्या. मिरवणुकीच्या आदल्या रात्री घाईने घातलेला टाका नेहमी ओढलेला बसतो.